डोळ्यात घुसणारी फांदी

सोमवारी दुपारी मी एका जळालेल्या गोदामात उभी होते, तेव्हा ताईचा निरोप आला. पायाखाली ओली राख, डोक्यावर उघडं छप्पर, आणि आग मागच्या खोलीतून कशी आली ते दुसऱ्यांदा सांगणारा गोदामाचा मालक समोर. फोनवर दोनच ओळी होत्या. रविवारी चार वाजता येते. आधी झाड बघते, मग कुठं राहायचं ते ठरवते. मी फोन खिशात टाकला, वहीत पुढचा मुद्दा लिहायला गेले, आणि पेन कागदाला टेकून तसंच राहिलं. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणं हे माझं काम, गेली तीस वर्षं. माणूस बोलतो ते ऐकून घ्यायचं आणि भिंत बोलते ते उतरवून घ्यायचं. पाहणीला कुणी येणार म्हटलं की माणसं आवरायला घेतात, आणि आवरलेलं दिसत नाही अशी त्यांची समजूत असते. पण तीन वर्षांची धूळ वेगळी आणि परवा हलवलेल्या कपाटाखालची स्वच्छ चौकट वेगळी. मला ती चौकट आधी दिसते. मी मालकाला विचारलं, आग कुठून आली? तेच तो दोनदा सांगून बसला होता. मग म्हणाला, बाई, तुम्ही जेवलात का? स्वतःचं गोदाम जळालेल्या माणसाला माझी दया यावी, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजून घ्या.

झाड म्हणजे ताईचं बोन्साय. फायकस, वडाचा लांबचा भाऊबंद, गुडघ्याएवढं उंच, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी धाकटं. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई एकवीसची. पुढच्या वर्षी तिला शाळेत भूमिती शिकवायची नोकरी लागली आणि त्याच महिन्यात हे रोप घरात आलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी टेबलाच्या एका बाजूला ताई आणि कात्री, मधे झाड, पलीकडे मी आणि माझा गृहपाठ. ती लग्न करून गेली ती झाड घेऊन गेली. सहा वर्षांनी मेहुणे वारले, ताई मुलीला आणि झाडाला घेऊन परत आली, आणि टेबल पुन्हा तसंच लागलं. फक्त गृहपाठाच्या जागी माझे अहवाल आले. कापताना ताई बोलायची, वर्गात बोलावं तशी, पण कुणाला उद्देशून नाही. वळणाच्या आतल्या अंगाला फांदी ठेवायची नाही. एका ठिकाणाहून दोन निघाल्या तर एक निवडायची. बघणाऱ्याच्या डोळ्यात घुसणारी फांदी, कितीही सुंदर असली तरी, ठेवायची नाही. मी कात्रीला कधी हात लावला नाही, तिनं कधी लावू दिला नाही, पण कानावर पडलेलं सगळं डोक्यात पाढ्यांसारखं बसलं होतं. निदान मी तसं धरून चालले होते.

तीन वर्षांपूर्वी भाचीला मूल झालं आणि ताई सहा महिन्यांसाठी तिच्याकडे परदेशात गेली. जाताना फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून गेली, अक्षर फळ्यावरचं. माती सुकली की पाणी. महिन्यातून एकदा शेंडे खुडणे. फांदीवरची तार चार महिन्यांनी काढणे, विसरू नये. विसरू नये या शब्दांखाली पट्टीनं ओढल्यासारखी सरळ रेघ. पहिले दोन महिने मी सगळं केलं. मग सहाचे नऊ झाले, नवाचं वर्ष झालं, आणि मी चिठ्ठीकडे बघणं सोडून दिलं. पाणी घालत होते, कधी उरलेला गार चहाही. खोटं कशाला बोलू, त्यात एक बारीकशी मजाही होती. ज्याला एक पान जास्तीचं फुटायची मुभा नव्हती ते ताईचं झाड माझ्या बाल्कनीत हातपाय पसरून वाटेल तसं वाढतंय, आणि ताई तिकडे दुपटी धुतेय. पुढं मजा गेली आणि लाज आली. लाजेचं असं असतं, एकदा उशीर झाला की ती कामाला लावत नाही, नजर चुकवायला लावते. तीन वर्षांत ताईनं व्हिडिओ कॉलवर झाडाबद्दल अकरा वेळा विचारलं. अकराही वेळा मी म्हटलं, मस्त आहे, आणि फोनचं तोंड स्वयंपाकघराकडे फिरवलं.

आणि गेल्या महिन्यात ती म्हणाली की आता परत यावं म्हणते, ज्येष्ठांच्या एका वसाहतीत खोली बघितली आहे, खिडकीत ऊन येतं. मी म्हटलं, मग इथं काय अंधार आहे? ती हसली. म्हणाली, जिथं माझं झाड नीट राहिलं असेल तिथं मीपण राहीन. ताईच्या विनोदांपासून सांभाळून राहावं लागतं. विनोदात सांगितलेलं ती तंतोतंत पाळते. मला ती इथं हवी होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच. ती गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानं जेवते. एकदा सोमवारी सकाळी ऑफिसात कुणीतरी हाक मारली आणि माझा आवाज फुटेना, तेव्हा लक्षात आलं की शुक्रवार संध्याकाळपासून तो वापरलाच नव्हता. पण ती आली की परत सगळं आलंच, पंचा इथं का, दिवा का चालू, अहवालात तिसऱ्या ओळीत कर्ता कुठं गेला. मला तेही हवं होतं, आणि या वयात तेही हवंसं वाटावं याचा मला थोडा रागही येत होता.

साहेबांकडे शुक्रवारची रजा मागितली. कारण विचारलं तर म्हटलं, घरगुती नुकसान. त्यांनी वर न बघता सही केली. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेवाल्याला घरी बोलावलं. तो बाल्कनीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला. शेंडे छताकडे गेले होते. खालच्या फांद्या उन्हाअभावी वाळून काड्या झाल्या होत्या. पानांच्या पाठीवर तपकिरी खवल्यांची कीड बसली होती, आणि खालची फरशी चिकट झाली होती. मुळं कुंडीच्या भोकातून निघून बाल्कनीतलं पाणी जायच्या नळीत शिरली होती. मॅडम, हे बोन्साय आहे असं तुम्ही सांगितलं म्हणून मी मानतो, तो म्हणाला. पण खोड दाबून बघितल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. जात चिवट आहे, नळीत गेलेली मुळं तेवढी कापा, बाकी मुळांना यंदा हात लावू नका, वरून कितीही छाटा, मात्र प्रत्येक फांदीच्या टोकाला एखादं तरी पान ठेवा, नाहीतर फांदी मरते. मीच करून देतो, तो म्हणाला. मी नाही म्हटलं. बहिणीचं आहे, मलाच करायला हवं. मग त्यानं विचारलं, समोरची बाजू कुठली? मी क्षणाचाही विचार न करता बोट दाखवलं. त्यानं मान वाकडी करून पलीकडून एकदा बघितलं, अच्छा, म्हणाला. चाळीस वर्षं बघतेय मी, मी म्हटलं. मग काय, घरच्यांना जास्त माहीत, तो म्हणाला. त्या बाजूला कुंडीच्या काठावर खडूची खूण करा, टेबलावर खूण आपल्याकडे ठेवा आणि काम संपेपर्यंत झाड फिरवू नका. फिरवलं की माणूस गोंधळतो आणि जास्त कापतो.

शनिवारी सकाळी नळीत गेलेली मुळं कापून कुंडी मोकळी केली, टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, खडूची खूण माझ्याकडे केली आणि ताईचं कात्र्यांचं गुंडाळं उघडलं. तेलाचा वास अजून होता. पहिला काप घ्यायला मला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत मी भांडी घासली, दोनदा हात धुतले, बाहेर कुणी बेल वाजवली की काय ते बघून आले. मग वरचा सरळ वाढलेला सोट कापला, आणि कापल्या जागेतून पांढरा चीक असा भळभळून आला की मी दचकून कात्रीच टाकली. लहानपणी हा चीक माझ्या गृहपाठाच्या वहीवर उडायचा आणि पानं चिकटून बसायची. बाईंना कारण सांगितलं तर वर्गात हशा व्हायचा. ओल्या फडक्यानं चीक टिपला, पुढचा काप घेतला. पाढे आठवत गेले आणि हात चालत गेला. आतल्या अंगाची फांदी, गेली. दोघींतली एक, गेली. वाळलेल्या काड्या, गेल्या. दुपारपर्यंत गुडघाभर पाचोळा झाला आणि आतून खोड दिसायला लागलं. खाली रुंद, मग डावीकडे, मग जरा मागे रेलून वर, आणि ते मला इतकं ओळखीचं वाटलं की मी एकटीच टेबलाशी हसले. भीती तोंडातच होती, पण तिला आता चव आली होती.

आणि मग ती फांदी राहिली. खोडाच्या मध्यावरून निघून सरळ माझ्याकडे येणारी, अंगठ्याएवढी जाड, तिच्यावर वळण लावायला गुंडाळलेली ताईची तार. चार महिन्यांनी काढायची तार. साल दोन्ही बाजूंनी फुगून तारेवर चढली होती, काही वेढे आत गडपच झाले होते. सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तसं दिसत होतं. पक्कड लावून मी दोन तुकडे तोडून काढले, त्यांच्याबरोबर सालीचे पापुद्रे आले आणि खाली वळ उमटलेले राहिले. बाकीची तार निघणार नव्हती. झाडावरचं इतर सगळं, अंधार, कीड, काड्या, याला काहीतरी कारण सांगता आलं असतं. झाडं वाळतात, कीड येते. या तारेला दुसरं कारण नव्हतं. कुठल्या महिन्यात मी चिठ्ठीकडे बघणं सोडलं ते या फांदीवर तारखेनिशी लिहिलेलं होतं, आणि अशी नोंद कशी वाचायची ते मला चांगलं ठाऊक आहे, मी त्याचाच पगार घेते. मी खुर्चीत मागे टेकून फांदीकडे बघितलं. ती सरळ माझ्या डोळ्यांत घुसत होती. ताईचा नियम. ताईच्या तोंडचा, हजारदा ऐकलेला. मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच उठले नाही, ते हलकेपण जरा उपभोगलं. मग छोटी करवत घेतली, खोडालगत लावली आणि कापलं. फांदी पडल्याचा आवाज झाला नाही, कागदांवर पडली. जखमेवर मलम फासलं, ताई करायची तसं वाटोळं. कचऱ्याची पिशवी बांधून खाली टाकून आले. त्या रात्री मला चांगली झोप लागली, यावरूनच मी काही ओळखायला हवं होतं.

रविवारी सकाळी झाड पुढच्या खोलीत नेलं. दारातून कुंडी आडवी जाईना म्हणून मी उलटी, पाठमोरी आत शिरले, कशीबशी ती तिथल्या टेबलावर ठेवली, आणि पडदा सरकवायला खिडकीकडे गेले. उजेड आला. वळून बघितलं आणि मला आधी वाटलं की हे झाड वेगळंच आहे. या बाजूनं खोड माझ्याकडे झुकत होतं, नमस्काराला वाकावं तसं. मुळं पंजासारखी पसरून पुढे आली होती. आणि डाव्याउजव्या फांद्यांच्या मधून, जिथं खोलवर पानांची गर्दी असायला हवी, तिथून पलीकडचं कॅलेंडर दिसत होतं. रविवारची तारीख स्पष्ट वाचता येत होती. ताई टेबलाच्या त्या बाजूला बसायची. मी या. नाही, ताई या बाजूला, मी त्या. मी जन्मभर झाडाची पाठ बघितली होती. जिला मी डोळ्यात घुसणारी म्हटलं ती ताईच्या बाजूनं मागे जाणारी फांदी होती, झाडाला खोली देणारी, आणि तिलाच ती तार लावून वर्षानुवर्षं वळवत होती. नियम सगळे बरोबर, फक्त खुर्ची माझी. आणि मग आठवलं, जे मी कधी आठवलं नव्हतं. काम संपलं की ताई कुंडी सावकाश फिरवून झाडाचा चेहरा माझ्याकडे करायची आणि म्हणायची, बघ. आणि मी वहीतून मान वर न करता म्हणायचे, हं, छान.

अकरा वाजले होते. मी पिशवीसाठी खाली गेले, कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. तशीही फांदी परत चिकटवता येते थोडीच. पण अशा वेळी माणूस खाली जाऊन बघतोच, गोदामवालेही जळालेली कागदपत्रं उलथून बघतात. मग मी ते केलं जे मी तीस वर्षं इतरांना करताना पकडत आले. झाड फिरवलं. खडूची बाजू दाराकडे, कापलेली जागा दोन पानांआड, चेहरा भिंतीकडे. टेबल भिंतीला असं लावलं की पलीकडे कुणाला जाता येऊ नये. एक खुर्ची ठेवली आणि बाकीच्या आतल्या खोलीत नेऊन टाकल्या. एक दुकानदार आठवला, पूर्ण पाहणीभर एकाच भिंतीला पाठ लावून उभा राहिलेला. मी त्याला म्हटलं होतं, काका, जरा बाजूला व्हा. किती सहज म्हटलं होतं.

ताई चारला दहा कमी असताना आली. तीन जिने चढून आलेली, धापा टाकत. वाळली होती. अंगावरच्या जाड स्वेटरच्या खिशात उजवा हात, खांद्याला पर्स. मी जवळ घ्यायला गेले तर एकाच हातानं तिनं माझी पाठ थोपटली, आणि मला वाटलं, संपलं, ही रागावूनच आली आहे. पाणी दिलं, ते तिनं डाव्या हातानं घेतलं. भाची कशी, मूल कसं, प्रवास कसा, सगळ्याला बरं आहे एवढंच उत्तर. मग ती मी ठेवलेल्या खुर्चीत येऊन बसली आणि झाडाकडे बघायला लागली. मी उभी. खोलीत दुसरी खुर्चीच नव्हती. मी मनात मोजत होते, चाळीसपर्यंत मोजलं. ती विचारेल, माझ्याकडे पाठ का केली आहेस याची? ती उठेल. टेबल ओढायला सांगेल. तिच्या डोळ्यांत मी बघत होते, ते डोळे झाडावरून खालून वर गेले, पानांआडच्या मलमापाशी थांबले, तिथं बराच वेळ थांबले, आणि पुढं गेले.

"छान झालंय," ताई म्हणाली.

सत्तेचाळीस वर्षांत झाडाबद्दल हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. झाड बरं असायचं, किंवा अजून व्हायचं असायचं.

"ताई, ही मागची बाजू आहे."

"हो. दिसतंय."

"तारेची फांदी मी कापली. तार काढायची राहिली होती. तीन वर्षं." एवढं बोलले आणि मीच टेबल भिंतीपासून ओढलं, कुंडी फिरवली. मधल्या रिकाम्या जागेतून आता माझं पोट दिसत असणार. "बघ."

ताईनं बघितलं. मग म्हणाली, "ती जायचीच होती, बारके. मीच कापणार होते एक दिवस."

जी कापायची तिला कुणी तार लावून वळवत नाही. एवढं मला, कात्रीला हात न लावलेलीला, कळत होतं. ताई खोटं बोलत होती, आणि वाईट बोलत होती. सवय नसलेली माणसं बोलतात तसं, नजर वस्तूवर खिळवून. अशी माणसं मी रोज बघते. ती कधी माझ्यासाठी खोटं बोलत नाहीत. ती काहीतरी वाचवत असतात. आणि मग, उशिरा, सहा दिवस उशिरा, मी पाहणीला लागले. नवाकोरा स्वेटर, दोन बटणं उलटसुलट लागलेली. डाव्या हातानं प्यायलेलं पाणी. जिन्यात थांबून पुसलेला चेहरा. आवरून आलेली होती ती.

पर्समध्ये फोन वाजायला लागला. ताईनं पर्स डाव्या हातानं पुढं ओढली, चेन उघडेना, तेव्हा उजवा हात खिशातून बाहेर आला. फोनवर बोलताना तो कायम चौकटीबाहेर असायचा. तो चेनकडे निघाला आणि वाटेतच भरकटला. बोटं हवेत काहीतरी मोजत असल्यासारखी थरथरत होती. तिनं तो दुसऱ्या हाताखाली मांडीवर दाबून धरला, दंगेखोर पोराला बाकावर बसवावं तसा.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं." फोन वाजून थांबला. "मुलाला उचलू नकोस म्हणाली भाची तुझी. बरोबर आहे तिचं. तिकीटही तिनंच काढून दिलं."

"आणि वसाहतीतली खोली?"

"ते आधी हात बघतात," ताई म्हणाली. "स्वतःचं स्वतःला करता यावं लागतं तिथं."

जी पाहणी चुकवायला मी सहा दिवस धडपडले, ती करायला कुणी आलंच नव्हतं. फोन पुन्हा वाजायला लागला. या वेळी मी चेन उघडली आणि उचलला. टॅक्सीवाला होता. बाई, अर्धा तास झाला, तो म्हणाला, सामान उतरवायचं का कुठं दुसरीकडे जायचंय, ते सांगा एकदा. मी ताईकडे बघितलं. ती झाडाकडे बघत होती, अगदी लक्षपूर्वक, एकेक पान मोजावं तशी.

"त्याला म्हटलं होतं थांब," ती म्हणाली. "म्हटलं, बघून येते."

"उतरवा," मी फोनवर म्हटलं. "येते मी खाली."

दाराशी चपला घालताना माझा पाय तिसऱ्या प्रयत्नात चपलेत गेला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते तेव्हा आतून हाक आली, शाळेतली, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी.

"बारके, दोन खेपा कर. एकदम उचलू नकोस, जड आहेत."